बांधावरचं झाड आणि मातीतला कर्ब

(एरंडोल येथे युवकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या शिबिरात सकाळपासून शिक्षण, नोकऱ्या, कायदा, कुटुंब या विषयांवर चर्चा झाली. आता तुमच्यापुढे मातीचा विषय आहे. मुस्लीम तरुणांच्या शिबिरात शेतीवर भाषण ठेवलं की काहींना नवल वाटतं. आपल्याला बहुतेक वेळा ‘मुस्लीम प्रश्ना’वर बोलायला बोलावतात, आणि आपणही त्याच चौकटीत बोलत राहतो. पण पाऊस लांबला की एरंडोल, पारोळा, अमळनेर, शिंदखेडा इथल्या कपाशीचं काय होतं, हा प्रश्न आडनाव विचारून येत नाही. तुमच्यापैकी काहींच्या घरी शेती आहे, काहीजण दुसऱ्याची जमीन बटाईने करतात, कुणाच्या घरी शेळ्या आहेत, कुणाचा फळांचा धंदा आहे, आणि उरलेल्यांचं दुकान गावच्या कापसाच्या पैशावर चालतं. म्हणजे हा विषय सगळ्यांचाच आहे.

प्रश्न साधा ठेवू. कोरडवाहू शेतात झाडं असली तर मातीतला सेंद्रिय कर्ब वाढतो का? वाढत असेल तर किती, किती वर्षांत, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

आधी सेंद्रिय कर्ब म्हणजे काय ते पाहू. झाडाचं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्यातून साखर तयार करतं. त्या साखरेतून पान, खोड, मूळ, फळ घडतं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कर्ब असतो. पान गळतं, मूळ मरतं, जनावर ते खाऊन शेण टाकतं. मग मातीतले जिवाणू, बुरश्या, वाळवी, गांडुळं कामाला लागतात. त्यातला बराचसा कर्ब ते खाऊन श्वासावाटे परत हवेत सोडतात. थोडा भाग मात्र मातीच्या बारीक कणांना चिकटून राहतो, आणि तो अनेक वर्षं, कधी कधी शतकंही टिकतो. माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ म्हणून जी ओळ असते, ती या सगळ्याची गोळाबेरीज.

आपल्याकडच्या परीक्षणात ०.२१ ते ०.४० टक्के कर्ब असेल तर जमीन ‘कमी’ गटात धरतात, आणि ०.४१ ते ०.६० असेल तर ‘मध्यम’ गटात. देशातल्या कोरडवाहू जमिनी बहुतांशी अर्धा टक्क्याच्या खालीच असतात. आता गंमत बघा. आपली काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झाली. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण मोठं आहे, आणि कर्ब धरून ठेवण्याचं काम हीच चिकणमाती करते. म्हणजे भांडं मोठं आहे, पण ते रिकामं आहे.

रिकामं का? एक कारण उष्णता. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग त्याहून खूप जास्त तापतो. दुसरं कारण पाणी. पाऊस वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. त्यामुळे वाढणारा हिरवा माल मुळातच कमी. तिसरं कारण आपली मशागत. नांगर, वखर, आता रोटाव्हेटर. माती जितकी उलथली जाते, तितके आत लपलेले कर्बाचे कण उघडे पडतात आणि जिवाणूंच्या तोंडी जातात. चौथं कारण आपण स्वतः. कपाशी निघाली की पऱ्हाटी जाळायची किंवा चुलीला न्यायची, शेणाच्या गोवऱ्या थापायच्या, दादरीचा आणि मक्याचा कडबा विकायचा. शेतातून सगळं बाहेर जातं, आत काही येत नाही.

आणखी एक गोष्ट इथे घडते. पहिल्या पावसाचा वास सगळ्यांना आवडतो. पण त्याच वेळी मातीत काय होतं? आठ महिने कोरड्या पडलेल्या मातीवर पाणी पडलं की झोपलेले जिवाणू एकदम जागे होतात आणि हाताशी आलेला कर्ब भराभर खाऊ लागतात. जमिनीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा निघतो. बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात पूर्व आफ्रिकेच्या मातीवर काम करून हे नीट मांडलं, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. कोरडवाहू भागात मातीला दर वर्षी हा झटका बसतो.

आता या चित्रात झाड आणा. बांधावर कडुनिंब आहे, बाभूळ आहे, टेकडीच्या उतारावर अंजन आहे. ते चार वाटांनी काम करतं.

पहिली वाट मुळांची. आपण झाड म्हटलं की पाला बघतो, पण जमिनीतल्या कर्बाच्या दृष्टीने मुळं जास्त मोलाची. बारीक मुळं सतत मरतात आणि नवी फुटतात. शिवाय जिवंत मूळ साखरेसारखे पदार्थ मातीत सोडत असतं, आणि त्यावर बुरश्या जगतात. हा कर्ब तयार होतो तोच मातीच्या आत, कणांच्या शेजारी. त्यामुळे तो वरून पडलेल्या पाल्यापेक्षा जास्त टिकतो. हंगामी पिकाची बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात. झाडाची मुळं त्याच्या बरीच खाली जातात, जिथे वखर पोचत नाही आणि उन्हाची झळही लागत नाही. तिथला कर्ब सावकाश कुजतो.

दुसरी वाट पाल्याची. पण इथे कोरडवाहू भागाची अडचण आहे. आपली बरीच झाडं पानं टाकतात ती कोरड्या दिवसांत. ओलावा नाही म्हणून पाला कुजत नाही. तो वाऱ्याने उडतो, वाळवी नेते, नाहीतर कुणीतरी बांध पेटवतं आणि सगळा पाला पाच मिनिटांत जातो.

तिसरी वाट सावलीची. झाडाखालची जमीन उन्हाळ्यात थंड राहते, वाऱ्याचा जोर कमी होतो, आणि कर्ब जळण्याचा वेग थोडा मंदावतो.

चौथी वाट म्हणजे माती जागेवर राहणं. जोराच्या पावसात उतारावरून जो गढूळ लोंढा अंजनीच्या आणि गिरणेच्या पाण्याला मिळतो, त्यात सगळ्यात आधी वरची, कर्बाने श्रीमंत माती जाते. बांध झाडांच्या आणि गवताच्या मुळांनी धरलेला असेल तर ती शेतात थांबते. नवा कर्ब तयार करण्याइतकंच आहे तो कर्ब न घालवणंही महत्त्वाचं आहे.

यात एक अट आहे, ती बऱ्याचदा कुणी सांगत नाही. मातीत टिकणाऱ्या सेंद्रिय पदार्थात कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण साधारण दहा-बाराला एक असतं. म्हणजे एक टन कर्ब मातीत बसायचा असेल तर सोबत ८० ते १०० किलो नत्रही लागतं. नुसता वाळका काडीकचरा टाकून कर्ब वाढत नाही, तो यामुळे. बाभूळ, शेवरी, गिरिपुष्प यांसारखी झाडं मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र बांधतात. म्हणून बांधावर या जातींना किंमत आहे.

आता हिशेब करू, कारण हिशेबाशिवाय पर्यावरणाच्या गप्पा फार लवकर घोषणा होतात. एक एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे ८०० टन भरतं. तिच्यातला कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यावर न्यायचा, म्हणजे ०.१ टक्का वाढवायचा, तर ८०० किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. समजा एकरात दहा झाडं आहेत आणि एका झाडाचा वर्षाला ५० किलो वाळका पाला शेतातच पडतो. त्यात साधारण २२ किलो कर्ब. त्यातला दहावा हिस्सा टिकला असं धरलं तर एका झाडाचे दोन-सव्वादोन किलो, दहा झाडांचे वीस-बावीस किलो. म्हणजे नुसत्या पाल्यावर भिस्त ठेवली तर ०.१ टक्का वाढायला छत्तीस-चाळीस वर्षं लागतील. मुळांचा कर्ब आणि वाचलेली माती धरली तर ही मुदत कमी होते. तरीही हे एका पावसाळ्याचं काम नाही, हे या हिशेबातून स्पष्ट दिसतं. यातले झाडांचे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या शेताचे आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करता येईल.

त्याच एकरात कपाशीची पऱ्हाटी टनभर तरी निघते. तिच्यात साडेचारशे किलो कर्ब असतो. आपल्या उदाहरणातली दहा झाडं वर्षभरात पाल्यातून जेवढा कर्ब जमिनीवर टाकतात, त्याच्या दुप्पट आपण एका संध्याकाळी पेटवून देतो. म्हणून झाड लावायच्या आधीचं काम म्हणजे काडी न लावणं. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका असं कृषी विभाग सांगतो, आणि ते बरोबर आहे. पण नष्ट करणं म्हणजे जाळणंच असं नाही. कुट्टी करून, शेण आणि पाणी टाकून तिचं खत होतं. एका शेतकऱ्याला कुट्टीचं यंत्र परवडत नसेल तर पाच-दहा जणांनी मिळून भाड्याने आणावं. तुमच्यासारख्या तरुणांच्या गटाला तो धंदाही होऊ शकतो.

यापुढे मुद्दा येतो पुराव्याचा. आपल्या चळवळीत आपण प्रत्येक रूढीला विचारतो, हे खरं कशावरून? तोच प्रश्न झाडांनाही विचारायला हवा.

झाडाखालच्या मातीत कर्ब जास्त सापडतो, हे अनेक देशांत दिसलं आहे. राजस्थानात खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या झाडाखाली पीकही चांगलं येतं, असा तिथल्या शेतकऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. शास्त्रज्ञ अशा जागांना सुपीकतेची बेटं म्हणतात. पण झाडाखाली कर्ब जास्त आहे, एवढ्यावरून तो झाडानेच वाढवला असं सिद्ध होत नाही. सावलीला गुरं बसतात, त्यांचं शेण तिथे पडतं. पक्ष्यांची विष्ठा पडते. शेतभरचा उडालेला पाला खोडापाशी अडकतो. मग एका जागची भर म्हणजे दुसऱ्या जागची तूट असू शकते. शिवाय झाड मुळातच जिथे माती खोल आणि चांगली होती तिथे वाढलं असेल. म्हणून एकदा मोजून भागत नाही. त्याच जागेवर, त्याच खोलीवर, काही वर्षांच्या अंतराने पुन्हा मोजावं लागतं.

जगभरातले असे अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये एक आढावा निघाला. नुसत्या पिकाच्या जमिनीत झाडं आणली तर वरच्या ३० सेंटिमीटर मातीतला कर्ब सरासरी ४० टक्क्यांनी वाढल्याचं त्यात दिसलं. ही वाढ आधी होता त्याच्या ४० टक्के, म्हणजे ०.४ चे साधारण ०.५६. ही सरासरी सगळ्या हवामानांची आहे. ओल्या प्रदेशांत वाढ सोपी असते, म्हणून खानदेशात तेवढ्याची खात्री धरू नये. त्याच आढाव्यात दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. नैसर्गिक जंगल मोडून तिथे शेती आणि झाडं असा मेळ घातला, तर कर्ब सुमारे चौथाईने घटतो. म्हणजे टेकडीवरचं अंजनाचं, बोराटीचं, धावड्याचं झुडपी रान साफ करून तिथे वृक्षारोपणाचा फोटो काढणं हा तोट्याचा सौदा आहे. जे आहे ते राखणं पहिलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाडा गावाने वर्षानुवर्षं चारशे हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाचा गाभा राखणं हाच आहे. कुऱ्हाड थांबवली, चराई आवरली, पाणी अडवलं, आणि रान आपोआप उठलं.

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक दावाही तपासून घेऊ. जमिनीत एक टक्का सेंद्रिय पदार्थ वाढला की एकरात लाखभर लिटर पाणी जादा धरलं जातं, असं म्हणतात. मोजणी वेगळं सांगते. २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार एक टक्का सेंद्रिय कर्ब वाढला, तर पिकाला मिळणारं पाणी दर १०० मिलिमीटर मातीमागे साधारण १.१६ मिलिमीटरने वाढतं. एकराच्या फूटभर मातीत हे चौदा हजार लिटर होतात. आणि हा फायदा वाळूच्या जमिनीत जास्त, चिकण जमिनीत कमी. कर्बाचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. मातीचे ढेकूळ टिकतात, वर पापडी कमी धरते, पाणी मुरतं, नत्र साठतं. खरा फायदा पुरेसा असताना खोटा सांगायची गरज नसते. खोटा उघडा पडला की लोक खऱ्यावरचाही विश्वास सोडतात.

आता झाडाच्या विरोधातली बाजू. शेतकरी बांधावरचं झाड का तोडतो? तो अडाणी आहे म्हणून नाही. कडुनिंबाच्या सावलीतल्या कपाशीच्या ओळी खुज्या राहतात, हे त्याला दिसतं. झाड पाणी ओढतं. ट्रॅक्टर वळवताना अडतो. बांधावरून भाऊबंदकी असेल तर झाड कुणाचं यावरून कोर्टापर्यंत जातं. हा तोटा खरा आहे, तो नाकारून उपयोग नाही. तो कमी करायचे मार्ग आहेत. दरवर्षी खालच्या फांद्यांची छाटणी करायची. ओळीकडच्या बाजूला चर काढून वरची मुळं तोडायची. पूर्व-पश्चिम बांधाला उत्तरेच्या शेतावर सावली जास्त पडते, तिकडे उंच झाड टाळायचं. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा कोवळा पाला पावसाळ्यात शेतातच टाकायचा. हलक्या, मुरमाड जमिनीत जिथे कपाशी नाहीतरी साधत नाही, तिथे बोर, सीताफळ, आवळा घ्यायचा. १९९० साली महाराष्ट्राने रोजगार हमीला फळबाग जोडली, तेव्हापासून कोरडवाहू फळझाडांचा हा मार्ग सरकारमान्य आहे.

पण मला सगळ्यात मोठा वाटणारा प्रश्न मालकीचा आहे. त्यासाठी थोडं दूर जाऊ, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला.

नायजर हा मुस्लिमबहुल आणि गरीब देश. तिथे फ्रेंच राजवटीपासून झाडं सरकारची, असा कायदा होता. शेतातलं झाड तोडलं तर दंड. परिणाम काय झाला? शेतकरी रोपटं दिसलं की उपटून टाकायचे, कारण ते वाढलं की त्यांच्या हातून गेलं. १९८० च्या दशकात दुष्काळानंतर हे बदललं. टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन कार्यकर्त्याच्या लक्षात आलं की शेतात जुन्या झाडांची खोडं जमिनीखाली जिवंत आहेत, त्यांना फुटवे येतात. नवं रोप लावायची गरजच नव्हती, फुटवा राखणं पुरे होतं. कायद्याची अंमलबजावणी सैल झाली, झाड आपलं आहे असं शेतकऱ्यांना वाटू लागलं, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टर शेतीवर झाडं परतली. जगातला हा एक सर्वांत मोठा बदल, आणि तो रोपवाटिकेतून आला नाही.

शेजारच्या बुर्किना फासोत याकुबा सावादोगो नावाचा शेतकरी होता. लहानपणी मदरशात शिकलेला, पुढे बाजारात दुकान चालवणारा. १९८० च्या सुमारास तो पडीक जमिनीवर परतला. त्याने ‘झाई’ ही जुनी रीत सुधारली. उन्हाळ्यात कडक जमिनीत खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत आणि पाला टाकायचा, वाळवीला काम करू द्यायचं. वाळवी बिळं करते, पहिल्या पावसाचं पाणी त्यांतून मुरतं. खड्ड्यांत ज्वारी-बाजरी आलीच, शिवाय खतातल्या बियांतून झाडंही उगवली. त्याने ती उपटली नाहीत. लोक त्याला वेडा म्हणायचे. पुढे तिथे साठाहून जास्त जातींचं रान उभं राहिलं. २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो वारला. मधल्या काळात शहर वाढलं आणि त्याच्या रानाचा काही भाग प्लॉटसाठी गेला. मालकीचा प्रश्न त्यालाही सुटला नाही.

आता आपल्याकडे बघा. आपल्या समाजातले पुष्कळ शेती करणारे स्वतःच्या नावावरच्या जमिनीवर करत नाहीत. बटाईने, नाहीतर वर्षाच्या बोलीने पैसे भरून करतात. ज्याला पुढच्या जूनमध्ये हीच जमीन मिळेल की नाही ठाऊक नाही, त्याने दहा वर्षांनी फळणारं झाड का लावावं? आणि ज्याच्या नावावर जमीन आहे तो गावात राहत नाही. मातीचा कर्ब या दोघांच्या मधल्या फटीतून गळतो. त्याला उपाय भाषणात नाही, लेखी करारात आहे. जमीन पाच वर्षांसाठी घ्या, बांधावरची झाडं बटाईदाराने राखली तर फळाचा, लाकडाचा, पाल्याचा वाटा किती, हे आधी लिहून ठेवा. मालकीच्या शेतातही अंजन, आंबा, चिंच, जांभूळ तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. ती प्रक्रिया माहीत नसली की शेतकरी नायजरसारखाच विचार करतो : रोप असतानाच उपटलेलं बरं. अर्ज कुठे करायचा, कसा करायचा हे गावात सांगणारा एक तरुण असला तरी पुष्कळ झाडं वाचतील.

दुसरी गोष्ट सध्या गावोगाव येणाऱ्या कर्ब-पतांची, म्हणजे कार्बन क्रेडिटची. झाडं लावा, सह्या करा, डॉलर मिळतील असं सांगितलं जातं. मघाचा हिशेब लावा. एकरात ०.१ टक्का वाढ म्हणजे ८०० किलो कर्ब, म्हणजे २.९ टन कार्बन डायऑक्साइड. टनाला हजार रुपये भाव धरला तरी एकूण २,९०० रुपये. ते दहा वर्षांत मिळाले तर वर्षाला एकरी २९० रुपये, त्यातून मोजणीचा आणि दलालीचा खर्च वजा. झाडाच्या लाकडातला कर्ब वेगळा धरला तर रक्कम वाढेल. पण करारात झाड किती वर्षं तोडायचं नाही, जमीन विकली तर काय, झाड वाळलं तर पैसे परत का, वाद झाला तर कोर्ट कुठलं, हे वाचल्याशिवाय कुणाला अंगठा लावू देऊ नका. तुम्ही शिकलात त्याचा गावाला थेट उपयोग होण्याची ही जागा आहे. कर्ब वाढवायचा तो आपल्या मातीसाठी. त्यावर चार पैसे मिळाले तर बोनस समजा.

आता आपल्या घरातल्या गोष्टी. बकरी ईदसाठी आपल्याकडे पुष्कळजण बोकड पाळतात. त्यांच्यासाठी बोर, बाभूळ, कडुनिंबाच्या फांद्या ओरबाडल्या जातात. झाडाचं आणि शेळीचं वैर आहे असं म्हणतात, पण वैर मोकाट चराईशी आहे. बांधून पाळलेली शेळी, कापून आणलेला शेवरी-बाभळीचा पाला, आणि त्याच शेतात परत गेलेलं लेंडीखत, हे चक्र पुरं झालं तर शेळी मातीची मित्र ठरते. आपल्या भागात धनगर-ठेलारींच्या मेंढ्या शेतात बसवायची रीत आहेच. तिचं महत्त्व हेच.

गावची ईदगाह आणि कब्रस्तान ही आणखी एक जागा. तिथे नांगर चालत नाही, बांध जळत नाही. कबरींपासून दूर, कुंपणालगत देशी झाडं राखणं हे सोपं काम आहे. कुणी झाड लावलं किंवा पेरणी केली आणि त्याचं माणसाने, पाखराने, जनावराने खाल्लं, तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, या अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात अट आहे ती खाल्लं जाण्याची, म्हणजे झाड जगण्याची. फोटो काढून विसरलेल्या रोपाचा सदका होत नाही. ज्यांना धर्माच्या भाषेपेक्षा संविधानाची भाषा जवळची वाटते, त्यांनी कलम ५१-अ वाचावं. निसर्गाचं रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टी, ही दोन्ही कर्तव्यं तिथे एकाखाली एक लिहिली आहेत. आजच्या विषयाला दोन्ही लागतात.

शेवटी एक काम सुचवतो. माती परीक्षणाला नमुना घेताना झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याजवळची माती घेऊ नका, असं सांगतात. खताची मात्रा ठरवायला ते योग्यच आहे. पण त्यामुळे आपल्या मृदा आरोग्य पत्रिकेत झाडाचं काम कधी नोंदलंच जात नाही. तर तुम्ही ते नोंदवा. प्रत्येक गटाने एक जुनं झाड निवडावं. खोडापासून एक मीटर, पाच मीटर, पंधरा मीटर आणि तीस मीटरवर, चारही दिशांना, १५ सेंटिमीटर खोलीचे नमुने घ्यावेत. प्रत्येक अंतराची माती वेगळी मिसळावी, सावलीत वाळवावी, पिशवीवर तारीख, झाड, अंतर लिहावं आणि प्रयोगशाळेत द्यावी. कर्बाची नेहमीची तपासणी, ज्यात नारिंगी द्रावण कर्बामुळे हिरवं होत जातं, ती १९३४ पासून चालत आलेली पद्धत आहे. ती महाग नाही. आपल्या मातीतल्या चुनखडीचा कर्ब ती मोजत नाही, तेव्हा त्याचा गोंधळ होत नाही. शेजारी कोण काय जाळतो, गुरं कुठे बसतात, शेणखत कधी टाकलं, हेही शेतकऱ्याला विचारून लिहा. तीन वर्षांनी पुन्हा त्याच महिन्यात, त्याच जागी मोजा.

ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये एरंडोलची नोंद हातकागदासाठी प्रसिद्ध असलेलं गाव अशी आहे. तो धंदा गेला. पण कागदावर नीट नोंद ठेवायची सवय परत आणता येईल. दहा गावांतल्या दहा झाडांची अशी वही तयार झाली, तर कोरडवाहू खानदेशात झाड मातीला काय देतं, हे परदेशी सरासरीवरून सांगावं लागणार नाही. निष्कर्ष आपल्याला हवा तसा आला नाही तरी तो लिहायचा.

पावसाळा यायच्या आत गट ठरवा, आणि कोणतं झाड घेणार ते आजच नोंदवून जा. आता प्रश्न विचारा.